लिफ्टमधला दसरा

लिफ्टच्या दाराखालच्या पोलादी पट्टीत जी खाच असते, तिच्यात नारळाच्या शेंडीचा एक केस अजून अडकलेला आहे. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत आली. झाडूवाली रोज इथून फिनाइलचं फडकं फिरवते, आणि तरीही हा केस – तपकिरी, राठ, म्हाताऱ्याच्या भुवईतून एखादाच बाहेर येतो ना, तसा – तिथंच. दिगंबर रोज सकाळी त्याच्याकडे बघतो. बघायचं नाही असं ठरवून बघतो. मग डावीकडे वळून जिन्याचं जड दार खांद्यानं ढकलतो आणि सातव्या मजल्याकडे चढायला लागतो.

ऑफिसात सगळ्यांना वाटतं, डॉक्टरनं सांगितलं असेल. त्याचा साहेब सान्याल – वयानं लहान, पोटानं मोठा – त्याला तेवढं निमित्त पुरतं. "अरे, माराठा आदमी! किला चढ़ना तो खून में है. बर्गी लोग क्या लिफ्ट से आया था?" बर्गी म्हणजे मराठे घोडेस्वार, कधीकाळी बंगाल लुटून गेलेले, इथल्या आया अजून त्यांच्या नावानं पोरांना भिववतात. सगळे हसतात, दिगंबरही हसतो. साठीला टेकलेला, मधुमेहाची गोळी घेणारा, तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून धापा टाकणारा लुटारू! आणि लुटलं काय, तर सॉल्ट लेकमधली भाड्याची दीड खोली, एक शेगडी आणि रविवारची लांबलचक दुपार.

आज तो मुद्दाम सावकाश चढत होता, कारण आज त्याची बायको विजया ऑफिसात येणार होती. काल ती पुण्याहून आली होती, शाळेला रजा टाकून. दिगंबरची नोकरी सरकारी कंपनीतली, बदल्यांची. भिलाई झालं, विशाखापट्टणम झालं, आता कलकत्ता. आणि विजया पुण्यातच राहिली, आधी मुलीच्या, नूपुरच्या, शाळेसाठी, मग तिच्या कॉलेजसाठी, मग... मग कशासाठी हे विचारायचं दोघंही विसरून गेले. सकाळी चहा पिताना ती म्हणाली,

"मी दुपारी येते तुमच्या ऑफिसात. तिळगूळ देते सगळ्यांना."

"कशाला? इथं कुणाला कळतंय तिळगूळ."

"कळत नसेल तर सांगू की. तुम्हाला माझी लाज वाटते का?"

"तसं नाही गं..."

"मग झालं. तुमची माणसं तरी बघू दे मला. नावंसुद्धा ठाऊक नाहीत मला त्यांची."

तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं. गुळाचा खडा बशीत ठेवत ती म्हणाली, "आणि हो, तुमच्यासाठी कपाटाचे दोन खण रिकामे केलेत बरं का."

दोन खण. माणूस उन्हाळ्यात निवृत्त होऊन आपल्याच घरी परत जाणार, तर त्याला दोन खण. बरं, चूक तिची म्हणावी तर तसंही नाही. तेवढ्याच जागेत मावेल इतकाच तो त्या घरात उरलाय. मागच्या वेळी गेला तेव्हा पलंगावरच्या त्याच्या बाजूला इस्त्रीचे कपडे रचलेले होते. रात्री विजयानं ते उचलून खुर्चीवर ठेवले, आणि सकाळी तो उठल्याबरोबर पुन्हा तिथंच ठेवले. सवयीनं. तिला कळलंही नाही.

आणि सान्यालला आज उत्तर द्यायचं होतं. निवृत्तीनंतर इथंच सल्लागार म्हणून राहायचं का? "दादा, आज शाम तक बोल दो. ऊपर नाम भेजना है." विजयाला यातलं काही माहीत नव्हतं. हो म्हटलं की संपलं – दीड खोली, शेगडी, रविवार – आणि दोन खण पुन्हा साड्यांनी भरले असते, कुणाचंच काही अडलं नसतं. हेच तर भयंकर होतं. की हेच बरं होतं?

सातव्या मजल्यावर, टेबलाच्या खणात, वडिलांचा व्हर्निअर होता. मापं घेण्याचा, पोलादी, जबडे घासून चकचकीत झालेला. वडील चिंचवडला एका कारखान्यात लेथवर होते. खंडेनवमीला ते मशीन पुसून, तेल देऊन, झेंडूची माळ घालून यायचे, आणि लहान दिगंबरनं विचारलं की व्हर्निअर घरी का नाही आणत पूजेला, तर म्हणायचे, "हत्यार काय पाहुणा आहे घरी बोलवायला? ते जिथं राबतं तिथं जाऊन त्याच्या पाया पडायचं." वडील गेले आणि व्हर्निअर दिगंबरकडे आला. तो फायलींवर सह्या करणारा इंजिनिअर; त्याच्या हातून काही मोजलं जात नाही, पण व्हर्निअर प्रत्येक बदलीत टेबलाच्या खणात गेला आणि प्रत्येक दसऱ्याला त्याला माळ मिळाली. भिलाईत ठीक होतं. विशाखापट्टणमलाही, तिथं आयुधपूजा करतातच. पण कलकत्त्यात हत्यारांची पूजा, विश्वकर्म्याची, महिनाभर आधीच उरकते, आणि दसऱ्याला, म्हणजे यांच्या दशमीला, अख्खं शहर दुर्गेला निरोप द्यायला रस्त्यावर असतं. त्या दिवशी सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसात जाणारा माणूस वेडा तरी असतो, नाहीतर मराठी.

तो गेला. पिशवीत झेंडू, हळदकुंकू, नारळ, आणि फुटपाथवरच्या कांचनाच्या झाडाची चार पानं – इथं आपटा कुठला, पण कांचनाचं पानही तसंच, मधोमध चिरलेलं, सोनं म्हणून चालतं. सकाळचा गार्ड ओळखीचा होता, हसला. वर जाऊन पूजा केली. नारळ तिथं फोडता येईना, खाली गालिचा. घरी फोडू म्हणून परत पिशवीत टाकला. आणि लिफ्टमध्ये शिरला.

...दिवा गेला. पंखा थांबला. लिफ्ट एक आचका देऊन मध्येच लोंबकळली. गार्ड बदलला होता एवढंच. नव्यानं येऊन पाहिलं, इमारतीत चिटपाखरू नाही, सुट्टी आहे, त्यानं लिफ्टचा मेन स्विच खाली ओढला आणि गेला कोपऱ्यावरच्या मांडवात.

काळोख म्हणजे काय हे दिगंबरला त्याआधी माहीत नव्हतं. काळोख डोळ्यांसमोर नसतोच. तो तोंडात शिरतो, कापसासारखा. फोनला रेंज नव्हती. उजेडासाठी तो लावला आणि तोही बघता बघता मेला. मग दार बडवलं. हात दुखले तेव्हा नारळानं बडवलं – धाड, धाड, धाड – आणि बाहेर, अगदी खालीच, ढाक वाजत होते. दशमीचे ढाक, म्हणजे इथले मोठाले ढोल. चार-सहा ढाकी एकदम तुटून पडलेले, झांजा, शंख, बायकांचं उलूलू. मी मारतोय धाड, ते मारतायत धाड. मी थांबून कानोसा घेतोय, ते थांबत नाहीत. आणि मग... हे कुणालाही सांगण्यासारखं नाही... मग माझा हात त्यांच्या तालावर पडायला लागला. मी मुद्दाम नाही केलं. हात आपोआपच त्या ठेक्यात गेला. माणूस मरणाच्या भीतीनं दार बडवतोय आणि ते उत्सवात मिसळून जातंय, वाजवणाऱ्यालाही वाटावं की काय झकास साथ मिळाली!

ओरडला. आधी हिंदीत, कोई है. मग मोडक्या बंगालीत, केउ आछे. मग मराठीत. मराठी सगळ्यात शेवटी, कारण ती इथं कुणाला कळणार नाही हे गळ्याला माहीत होतं; तरी मराठीत ओरडताना जरा बरं वाटत होतं, नाही असं नाही.

नारळ कधीतरी तडकला. पाणी मनगटावरून ओघळलं, ते त्यानं चाटलं. खोबरं दातांनी खरवडलं. पूजेच्या पिशवीत मुतला. लिहायला आणि वाचायला हे बरं दिसत नाही, पण बंद डब्यात माणूस हेच करतो, आणि ज्याला यात किळस वाटते तो अजून कुठं अडकलेला नाही.

आणि या सगळ्यात एक हिशेब तो पुन्हा पुन्हा घोकत होता – विजया फोन करील. आज दसरा आहे, आपला फोन आला नाही म्हणून करीलच. लागणार नाही. परत करील. मग घाबरेल. मग सान्यालला... सान्यालचा नंबर तिच्याकडे नाही. मग घरमालकाला... घरमालकाचं नाव तिला माहीत नाही. नूपुर काढील शोधून, आजकालची पोरं काढतात. म्हणजे सुरुवात विजयाच्या फोनपासून. विजयानं फोन केला की सगळं सुरू. आणि बसल्या बसल्या, भिंतीला पाठ लावून, खोबऱ्याचा चोथा चघळत असताना त्याला एकदम स्वच्छ कळलं की विजया फोन करणार नाहीये. कसं कळलं सांगता येत नाही. आपल्या जागी ठेवलेले इस्त्रीचे कपडे दिसले, बस्स.

ढाक लांब गेले, नदीकडे. मग काहीच नाही.

आणि मग जे झालं ते...

ते बाजूला राहू दे.

दुसऱ्या दिवशी उजेड आला, लिफ्ट आपणहून खाली सरकली, दार उघडलं. समोर निमाई, तो नवा गार्ड, पाण्याचा जार खांद्यावर. जार पडला, फुटला. निमाई आधी किंचाळला, मग रडला, मग पाय धरले. "सार, नौकरी चला जाएगा, सार. बच्चा छोटा है." दिगंबर म्हणाला, नाही सांगणार कुणाला. आणि खरंच नाही सांगितलं. निमाईवर उपकार केल्यासारखं दिसत होतं ते.

घरी जाऊन फोन चार्जिंगला लावला. एकही मिस्ड कॉल नव्हता. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र सोनंच सोनं – आपट्याची पानं, तोरणं, रांगोळ्या. भावानं लिहिलं होतं, सोन्यासारखे राहा. खाली विजयाचं उत्तर: 'आमच्या सर्वांकडून तुम्हा सर्वांना दसऱ्याच्या शुभेच्छा!' आमच्या सर्वांकडून. त्यात तो होता. लिफ्टमध्ये, काळोखात, पिशवीत मुतत, तो सर्वांना शुभेच्छा देत होता. संध्याकाळी त्यानं फोन केला, सांगितलं की लिफ्ट जरा बंद पडली होती काल. "तुम्ही पण ना," विजया म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी कशाला जायचं मरायला?" आणि तो "हो ना" म्हणाला.

आज, संक्रांतीला, दुपारी फोन वाजला. विजया खाली आली होती.

तो जिन्यानं उतरला. ती लॉबीत उभी होती, काळ्या साडीत, हातात स्टीलचा डबा, आणि लिफ्ट आलेली, दार उघडं. त्याला बघून ती आत शिरली आणि बटणावर बोट धरून म्हणाली, "या ना. कितवा मजला?"

"तू हो पुढे. सातवा. मी जिन्यानं येतो."

"जिन्यानं? आत्ता उतरलात ना? काय हे, घाम बघा किती आलाय!"

"व्यायाम होतो."

"आयुष्यात कधी व्यायाम केला नाहीत. चला, या."

दार बंद व्हायला लागलं, तिनं हात घातला, ते मागे गेलं. परत बंद व्हायला लागलं. दिगंबर खाली बघत होता. शेंडीचा केस. तिची चप्पल त्या केसाच्या इतकी जवळ होती...

निमाई धावत आला. माकडटोपी, हातात वेताची काठी. "बौदी? सार की बौदी?" वहिनी, एवढं तिला कळलं, आणि तिनं हसून डब्यातून तिळाची वडी काढून त्याच्या हातावर ठेवली. सणाच्या दिवशी समोर आला त्याला द्यायचं, एवढंच तिचं गणित. "तिळगूळ," ती म्हणाली. "लो. मीठा बोलो."

निमाईनं वडी कपाळाला लावली आणि खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. ती दचकून मागे सरली.

"बौदी, हम रोज ठाकुर-देवता को बोलता है. सार भगवान आदमी. ऊ दशमी में मेरा गलती से पूरा दिन, पूरा रात सार इसी में बंद था, अंधेरा में, खाना नहीं, पानी नहीं... आप लोग उधर कितना रोया होगा! और सार किसी को एक बात नहीं बोला. मेरा नौकरी बचा दिया."

लिफ्टचं दार पुन्हा सरकायला लागलं. या वेळी विजयानं हात घातला नाही. दार तिच्या खांद्यावर आपटलं, मागे गेलं. ती बाहेर आली. डब्याचं झाकण तिनं दोनदा लावलं. पहिल्यांदा ते नीट बसलं नव्हतं.

"जिना कुठाय?" तिनं विचारलं.

"तुझा गुडघा..."

"कुठाय जिना?"

ती पुढे, तो मागे. एक एक पायरी, दुखरा पाय आधी, मग दुसरा, कठड्यावर हाताची बांगडी घासल्याचा आवाज. इतक्या वर्षांत तिची पाठ एवढा वेळ त्यानं पाहिली नव्हती. ब्लाउजच्या वर मानेवर एक मस होता. हा आधीपासून होता का? असणार. मग आपण काय बघत होतो?... खिशात फोन थरथरला. सान्याल असणार. दादा, क्या सोचा. एक 'हो' पाठवायचा, बस्स. आणि ही पाठ विमानात बसून जाईल, आणि पुन्हा शांतता.

तिसऱ्या मजल्याच्या वर, वळणावर, ती पायरीवरच बसली. डबा मांडीवर. धाप लागली होती. तो उभाच.

"थोडा वेळ बंद होती म्हणालात."

तो कठड्याचा उडालेला रंग नखानं खरवडत राहिला.

"मी फोन केला नाही त्या दिवशी." तिनं हे भिंतीकडे बघून म्हटलं. "दरवर्षी तुम्ही करता. सकाळी, पूजा झाली की. म्हटलं, बघू या तरी, मी नाही केला तर करतात का. मुद्दाम नाही केला. दिवसभर फोन घेऊन फिरत होते, बाथरूममध्येसुद्धा. नूपुर म्हणाली, अगं आई, तू कर ना. मी म्हटलं, नाही. रात्री श्रीखंड तसंच फ्रिजमध्ये ठेवलं. ते तुमच्या भावाला उत्तर लिहिताना, आमच्या सर्वांकडून लिहिलं ना, तर मला वाटलं, सर्व म्हणजे कोण? मी आणि नूपुर?"

"विजया..."

"मला वाटलं, सुटले हे. तुम्ही सुटलात आमच्यातून. आणि मी शपथेवर सांगते, मला नुसता राग नव्हता आला. मी घाबरले होते. आणि तुम्ही तेव्हा..." तिनं जिन्याच्या दाराकडे, त्या पलीकडच्या लिफ्टच्या भिंतीकडे हात केला, आणि तो हात हवेतच राहिला.

दिगंबरला वाटलं, आता आपण हिला सांगावं. नारळाचं सांगावं, ढाकांचं सांगावं. ते सांगता येतं. भीतीचं कुणालाही सांगता येतं, ऐकणाऱ्याला चटका बसतो, सांगणाऱ्याला जरा मान मिळतो. पण ढाक लांब गेल्यावर जे झालं त्याला भीती म्हणत नाहीत. ढाक लांब गेले आणि त्यानं बडवणं बंद केलं. थकला होता म्हणून नव्हे. हातात जोर होता. नारळाची करवंटी होती. खालून माणसं जाताना ऐकू आली होती, एकदा तर अगदी दाराशी, चपला फरफटत, कुणीतरी खोकलं होतं, आणि तो गप्प बसला होता. कारण बरं वाटत होतं. भिलाईपासून जे अंगावर होतं – कुणीतरी आपली वाट बघत असेल, आपण कुणाचं तरी काही लागतो, पोचल्यावर कळवायचं असतं – ते सगळं अंगावरून गळून पडलं होतं, आणि आत इतकं हलकं, इतकं रिकामं, दोन खणसुद्धा नकोत इतकं... आणि मग उजेड आला, दार उघडलं, जार फुटला, आणि मला... त्याला...

तीन महिने त्याला वाटत होतं, आपण लिफ्टला घाबरतो, आत कोंडलं जाण्याला घाबरतो. सगळ्या शहाण्या माणसांसारखं. म्हणून जिना. खरी भीती आत पुन्हा तसंच बरं वाटेल याची होती.

"बसा ना," विजया म्हणाली. तिनं साडी आवरून पायरीवर जागा केली. अरुंद पायरी, तिच्या आणि भिंतीच्या मधली टीचभर जागा. तो बसला. खांद्याला खांदा लागला. खिशात फोन पुन्हा थरथरला, तिलाही जाणवला.

"घ्या. कुणाचा आहे बघा."

"असू दे."

खालून निमाईच्या काठीचा आवाज आला, टक, टक, आणि थांबला.

"मला एकच सांगा," ती म्हणाली. "दार उघडलं तेव्हा, त्या पोरानं उघडलं तेव्हा, पहिल्यांदा काय वाटलं तुम्हाला?"

उत्तरं तयार होती. सुटलो. तुझी आठवण आली. देवाचे आभार मानले. तिन्ही चालली असती; तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता, वर जाऊन सान्यालला तिळगूळ दिला असता, सान्यालनं बर्गीचा विनोद केला असता, ती न समजता हसली असती. दिगंबरनं तोंड उघडलं. तोंडात कापूस होता. राग, तो मनात म्हणाला, मला राग आला होता विजया, दार उघडलं म्हणून... आणि ते बाहेर पडत नव्हतं, आणि सुटलोही बाहेर पडत नव्हतं, आणि मांडीवर ठेवलेले त्याचे हात आपोआप ढाकांचा तो ठेका धरायला लागले. ढाक लांब गेल्यावर त्यानंच थांबवलेले ते हात. तिनं ते बघितलं. विचारलं नाही, धरलेही नाहीत, नुसती बघत राहिली, उत्तराची वाट बघत. आणि कुणीतरी आपल्या इतक्या जवळ बसून आपली वाट बघतंय याचं भय त्याच्या अंगात पायांपासून वर चढायला लागलं, सावकाश, एक एक पायरी.